धूर्त : शब्द आणि व्यवहार

लग्नाच्या बैठकीत मुलाची चौकशी चालू असते. मुलगा पेढीवर बसतो, बाहेरगावची उधारी-वसुली तोच पाहतो, वडिलांना आता बाजारात फिरावे लागत नाही, एवढे सांगून झाल्यावर मुलाकडील एखादे वडीलधारे गृहस्थ हसत हसत भर घालतात, ‘‘पोरगा मोठा धूर्त आहे बरं का! त्याला कोणी फसवून जाईल, हे व्हायचं नाही.’’ बैठकीत समाधानाचे हसू पसरते. मुलीच्या वडिलांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. उलट, मुलगी चांगल्या हाती पडते आहे, असेच त्यांना वाटते. कोपऱ्यात बसलेल्या, रोज सकाळी शास्त्रवाचन करणाऱ्या एखाद्या आजींनाच काय तो हा शब्द खटकावा. कारण त्यांनी शास्त्रात आणि कथांत जो ‘धूर्त’ वाचलेला असतो, त्याच्या घरी मुलगी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

फसवणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. लबाड, लुच्चा, ठक, भामटा, कावेबाज, बनेल, बेरकी, बिलंदर, पाताळयंत्री, कपटी, मायावी, अशी यादी करू लागले, तर वहीचे एक पान सहज भरेल. बाजारात वाढलेल्या माणसाच्या कानाला यांतला प्रत्येक शब्द निराळा ऐकू येतो. ‘बेरकी’ माणूस स्वतः फसत नाही. तो दुसऱ्याला फसवतोच असे नाही. ‘बिलंदर’ म्हणताना ओठांवर थोडे कौतुक असते. ‘लबाड’ हा शब्द नातवालाही लावता येतो आणि बुडव्या गिऱ्हाइकालाही. ‘ठक’ मात्र ठकच. त्याला कौतुकाची छटा चिकटत नाही, फार तर त्याच्यावर मात करणारा ‘महाठक’ भेटतो. या सगळ्यांच्या वर, जरा संस्कृत वस्त्रे नेसून, ‘धूर्त’ बसलेला आहे. धूर्त राजकारणी, धूर्त वकील, धूर्त व्यापारी असे म्हणताना बोलणाऱ्याला निंदा करायची आहे की स्तुती, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही सांगता येत नाही. शेजारच्या ‘चाणाक्ष’ शब्दाने तर निंदेचा डाग पुरताच धुऊन टाकला आहे. हा शब्द चाणक्याच्या नावावरून आला असे मानतात, आणि हेमचंद्राचार्यांनी ‘परिशिष्टपर्वा’त त्याच चाणक्याला श्रावकाच्या घरी जन्मलेला म्हणून रंगविले आहे. म्हणजे चाणाक्षपणाशी नाते सांगायला समाजाला कधी संकोच वाटलेला नाही. ‘धूर्त’ची गोष्ट निराळी आहे.

संस्कृतात धूर्त म्हणजे सरळ सरळ वंचक. वैयाकरण हा शब्द ‘धुर्व्’ या धातूपासून साधतात, आणि धातुपाठात त्या धातूचा अर्थ दिला आहे ‘हिंसा’. पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत हा अर्थ थांबून वाचण्याजोगा आहे. भाषेच्या जुन्या समजुतीप्रमाणे धूर्त हा बुद्धीच्या कप्प्यातला शब्दच नव्हे. तो इजा करण्याच्या कप्प्यातला आहे. ज्याने शस्त्र उचलले नाही, रक्त सांडले नाही, पण समोरच्याच्या विश्वासावर घाव घातला, त्याला भाषेने हिंसकांच्या रांगेत उभे केले.

अमरकोश उघडला, तर या शब्दाचे आणखी सोयरे भेटतात. तेथे धूर्त हे जुगाऱ्याचे नाव आहे; फाशांशी खेळणारा तो धूर्त. त्याच कोशात धूर्त हे धोत्र्याचेही एक नाव आहे. धोत्र्याचे फूल पांढरे, दिसायला साधे, रस्त्याकडेला कोठेही उगवणारे. पण त्याचे बी पोटात गेले, की माणसाला भान राहत नाही. वाटसरूंना खाण्यातून धोत्रा देऊन लुटणाऱ्या टोळ्यांच्या हकिकती एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत आहेत. प्रवासात अनोळखी माणसाकडून काही घेऊन खाऊ नये, ही व्यापारी घरांतील जुनी ताकीद काही उगीच आलेली नाही. आणि कोल्ह्याची नावे सांगताना अमरसिंहाने ‘वंचक’, ‘मृगधूर्तक’ आणि ‘भूरिमाय’ अशी तीन नावे दिली आहेत. भूरिमाय, म्हणजे ज्याच्याजवळ माया पुष्कळ आहे असा. बालवाचनातला धूर्त कोल्हा इतका जुना आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तिर्यंच आयुष्याच्या बंधाचे कारण म्हणून माया सांगितली आहे, हे ज्यांना पाठ आहे, त्यांना कोशकाराने कोल्ह्यासाठी वेचलेले ‘भूरिमाय’ हे नाव वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही.

उज्जयिनीचे पाच धूर्त

या शब्दाभोवती एक संपूर्ण ग्रंथ रचणारे आचार्य जैन होते, ही गोष्ट समाजात असावी तितकी परिचित नाही. आठव्या शतकातील हरिभद्रसूरींचा ‘धूर्ताख्यान’ हा प्राकृत गाथांचा ग्रंथ पाच आख्यानांत विभागलेला आहे. कथा याहून जुनी आहे. निशीथचूर्णीत तिचे लहान रूप आढळते. मुंबईच्या सिंघी जैन ग्रंथमालेत १९४४ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा विस्तृत चिकित्सक अभ्यास लिहिला तो डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी. बेळगाव जिल्ह्यातील सदलग्यात जन्मलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापन करणारे उपाध्ये हे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरील जैन समाजाचे भूषण. या हसऱ्या ग्रंथावर त्यांनी आपली सारी विद्वत्ता पणाला लावली, यातच त्याचे मोल दिसते.

उज्जयिनीजवळच्या एका उद्यानात धूर्तांचा मेळा जमला आहे. त्यांचे नायक पाच : मूलश्री, कंडरीक, एलाषाढ, शश आणि खंडपाना. यांपैकी खंडपाना ही स्त्री आहे. पावसाची झड लागली आहे, बाहेर पडता येत नाही, सगळे भुकेले आहेत. जेवणाचा खर्च कोणी करायचा? तेव्हा मूलश्री पैज सुचवितो. प्रत्येकाने स्वतःचा म्हणून एक अनुभव सांगावा. जो त्यावर विश्वास ठेवणार नाही, त्याने सर्वांना जेवू घालावे. आणि इतरांनी रामायण-महाभारत-पुराणांतले दाखले देऊन तो अनुभव खरा असल्याचे पटवून दिले, तर सांगणारा सुटला. मग एकामागून एक थापांचा वर्षाव होतो. एकजण हत्तीच्या भीतीने कमंडलूत शिरतो, हत्तीही मागोमाग आत येतो, सहा महिने आत पळापळ चालते, आणि शेवटी तोटीतून बाहेर पडताना हत्तीच्या शेपटीचा केस तेवढा अडकतो. इतर धूर्त मोठ्या गंभीरपणे माना डोलावतात आणि दाखले देतात. पुराणकथांतील अतिशयोक्तीवर या ग्रंथाचा रोख आहे, हे अभ्यासकांनी सविस्तर दाखविले आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. व्यापारी वाचकाचे लक्ष वेधते ते शेवटचे आख्यान.

खंडपाना आपली कथा रंगवीत रंगवीत शेवटी म्हणते की, माझे काही नोकर पळून गेले आणि माझी वस्त्रेही हरवली. ते नोकर तुम्हीच आहात आणि तुमच्या अंगावरची वस्त्रे ती माझीच. झाली पंचाईत! खरे मानावे तर दास व्हावे लागते, खोटे म्हणावे तर सर्वांना जेवू घालावे लागते. चारही पुरुष हार मानतात, आणि तिलाच अन्नाची सोय करण्याची विनंती करतात. येथवर सगळा विनोद आहे. पुढे कथा एकदम काळी होते. खंडपाना स्मशानात जाते, नुकतेच टाकलेले एक मृत अर्भक उचलते, त्याला न्हाऊ घालून वस्त्रात गुंडाळते आणि नगरातील एका धनाढ्य शेठच्या दारात जाऊन मदत मागू लागते. कामात गुंतलेला शेठ वैतागून तिला हाकलून देण्यास नोकरांना सांगतो. धक्काबुक्की होताच ती जमिनीवर पडते आणि आक्रोश करते : माझे मूल मारले! शेठच्या तोंडचे पाणी पळते. गयावया करून तो तिला रत्नजडित अंगठी देतो आणि प्रकरण मिटवितो. त्या अंगठीच्या पैशांतून साऱ्या धूर्तांचे जेवण होते.

हरिभद्रसूरींनी हा शेवट असा का केला असेल? चार पट्टीचे थापाडे जिच्यापुढे हरले, तिला शेवटी पैसा मिळाला तो एका प्रतिष्ठित माणसाकडून, आणि तोही त्याच्या भीतीतून. शेठने कोणाला मारलेले नव्हते. तो निर्दोष होता. पण आपल्या निर्दोषपणाची तपासणी चारचौघांत व्हावी, एवढा धीर त्याच्याजवळ नव्हता. त्याने दाराशी आलेल्या बाईकडे नीट पाहिलेही नव्हते, नाहीतर अर्भक आधीच निष्प्राण आहे, हे त्याला कळले असते. आज फोनवर स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवून, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असे सांगून घाबरविणारे आणि लाखो रुपये उकळणारे जे ठक आहेत, त्यांचे भांडवल नेमके हेच आहे : अब्रूदार माणसाची भीती आणि त्याची घाई. खंडपानेला फक्त फोन नव्हता.

काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘कलाविलास’ लिहिला, त्यातही धूर्तांचा आचार्य मूलदेव आहे, आणि त्याचा शिष्य कोण, तर एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा! घरात पैसा अमाप, पोरगा भोळा. कोणी लुबाडू नये म्हणून बापच त्याला मूलदेवाच्या हवाली करतो. मग दंभ कसा ओळखावा, हिशेबनीस कागदात काय करतात, सोने घडविणाऱ्यांच्या चौसष्ट कला कोणत्या, असे पाठ सुरू होतात. धूर्त व्हावे म्हणून नव्हे, तर धूर्त ओळखता यावा म्हणून हे शिक्षण आहे, अशी त्या बापाची समजूत. लग्नाच्या बैठकीतल्या गृहस्थांचेही म्हणणे बहुधा तेवढेच असते. अडचण एवढीच, की मराठीने ओळखणारा आणि करणारा या दोघांना एकच शब्द दिला.

मायेची सतरा नावे

आगमांनी असा घोटाळा होऊ दिलेला नाही. समवायांग सूत्रात मोहनीय कर्माची बावन्न नावे येतात. ती चार कषायांत वाटलेली आहेत. क्रोधाची दहा, मानाची अकरा, लोभाची चौदा, आणि मायेची सतरा. चौघांत सर्वाधिक नावे मायेला आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. जिचे कामच रूप बदलण्याचे, तिला एका नावाने पकडणार कसे? त्या नावांत निकृती आहे, वलय म्हणजे वाकडेपणा आहे, गहन आहे, झाकण्याला प्राकृत शब्द ‘णूम’ आहे, दंभ आहे, कूट आहे, वंचना आहे. शेवटचे नाव ‘सातियोग’. टीकाकारांनी त्याचा एक अर्थ दिला आहे तो असा : चांगल्या द्रव्यात हलके द्रव्य मिसळणे. म्हणजे साध्या मराठीत भेसळ. धान्यात खडे आणि मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळणाऱ्याची सूत्रकारांनी इतक्या पूर्वी नोंद घेऊन ठेवली आहे.

मायेच्या प्रतीही ठरविल्या आहेत. बांबूच्या मुळासारखी गुंतागुंतीची, कधीच सरळ न होणारी; मेंढ्याच्या शिंगासारखी; चालत्या गाईच्या मूत्राच्या ओळीसारखी नागमोडी पण सुकून जाणारी; आणि चौथी सर्वांत सौम्य, जिला कोठे बांबूच्या सालीच्या ढलपीची, तर गोम्मटसारात खुरप्याची उपमा दिली आहे. पहिलीचे फळ नरक, दुसरीचे तिर्यंच, तिसरीचे मनुष्य आणि चौथीचे देवगती. ग्राहकाला ‘शेवटचाच नग आहे’ असे सहज सांगून टाकणारा आणि खोट्या दस्तावर आंधळ्या विधवेचा अंगठा घेणारा, हे दोघे एकाच मापाने मोजायचे नाहीत, एवढा विवेक या उपमांत आहे. मात्र, गोमूत्राची रेघ वाकडीच असते, हेही त्यांनी लपविलेले नाही.

मायेच्या विरुद्ध बाजूला दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जव. आर्जव म्हणजे ऋजुता, सरळपणा. मन, वचन आणि काया एका रेषेत असणे. आता मराठीत या शब्दाचे काय झाले आहे पाहावे. ‘त्याने फार आर्जवे केली’, ‘आर्जवी स्वर’. सरळपणाचा शब्द विनवणीचा झाला, आणि विनवणीतून हळूहळू गोडबोलेपणाकडे सरकला. गल्ल्यावर बसलेला विक्रेता आर्जवाने साडी दाखवतो, तेव्हा त्याच्या स्वरात सरळपणा असतोच असे नाही. पर्वकाळात प्रवचनकार दरवर्षी हा फरक समजावून सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात शब्द पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतो.

साव आणि सावकार

भाषेच्या बाजारात ‘धूर्त’चा भाव चढला, त्याच काळात दुसऱ्या एका शब्दाचा भाव उतरला, आणि तो शब्द व्यापारी समाजाचा स्वतःचा होता. संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’, मराठी ‘साव’. चोर कोण आणि साव कोण, असे मराठी माणूस विचारतो, तेव्हा साव म्हणजे सज्जन, निरपराध. त्याच सावापासून सावकार. व्यापार आणि देवघेव करणाऱ्याला समाजाने एकेकाळी प्रामाणिक माणसाचे नाव दिले होते, याहून मोठी पत ती कोणती? हुंडीच्या व्यवहारात हीच भाषा होती. शहाजोग हुंडीचा पैसा वाटेल त्या धारकाला देत नसत; बाजारात ज्याची पत आहे, जो ‘शहा’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या मार्फतच तो द्यायचा. त्या कागदामागे कोर्ट नव्हते, पोलीस नव्हते. एका माणसाच्या खरेपणाविषयी बाजाराचे मत होते.

आणि आज ‘सावकारी’ म्हटले, की पुढचा शब्द ‘पाश’ येतो. हे एकाएकी घडले नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच झाले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने जमिनीचा सारा वाढविला होता, कर्जे फिटत नव्हती. पण दंगेखोरांनी मागितले काय, तर रोखे, खतपत्रे, चोपड्या. जेथे ते मिळाले, तेथे जाळून टाकले आणि बहुतेक ठिकाणी माणसांना मोठी इजा न करता निघून गेले. हे सावकार बहुसंख्येने मारवाडी आणि गुजराती होते. त्यांत जैन घरेही होती. चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ साली आला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्या कायद्याने शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम निबंधकासमोर लिहिले जावेत, अशी तजवीज केली. कायदा करणाऱ्यांना भीती कशाची होती, हे त्या एका कलमावरून दिसते.

सगळे सावकार खोटे नव्हते. दुष्काळात बियाण्याला आणि लग्नकार्याला गावात दुसरे कोणी पैसे देत नव्हते, हेही तितकेच खरे. पण जमावाने तिजोरी न मागता कागद मागावा, ही गोष्ट जैन वाचकाने सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. कारण त्याच्या स्वतःच्या सूत्रग्रंथात, सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ हा शब्द आहे. जे दुसऱ्याने म्हटले नाही, केले नाही, ते त्याने म्हटले, केले, असे फसविण्यासाठी लिहून ठेवणे, म्हणजे कूटलेखक्रिया. सुप्याच्या शेतकऱ्यांनी तत्त्वार्थसूत्र वाचलेले नव्हते. त्यांची तक्रार मात्र त्याच अतिचाराची होती.

त्याच यादीत ‘न्यासापहार’ आहे. ठेव बुडविणे असा त्याचा ढोबळ अर्थ कोणीही सांगेल. पण पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत दिलेला अर्थ अधिक बारीक आहे आणि पेढीवरच्या माणसाला अधिक बोचणारा आहे. ठेव ठेवणारा स्वतःच आकडा विसरला. दहा ठेवले होते आणि परत मागताना आठच मागितले. अशा वेळी ‘हो, तेवढेच होते’, एवढे म्हणणे, हाच न्यासापहार. येथे कोणी कागद बदलला नाही, कोणी शपथ घेतली नाही. समोरच्याच्या चुकीला फक्त होकार दिला. व्यवहारी माणूस याला धूर्तपणाही म्हणणार नाही. ‘त्याचं तोच विसरला, आपण काय करणार’ असे म्हणून मोकळा होईल. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांतही बाजारच भरलेला आहे : घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे, चोरीचा माल जाणूनबुजून घेणे, कृत्रिम सोन्यासारख्या नकली वस्तू अस्सल म्हणून चालविणे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. या शेवटच्या अतिचाराचाच हा सरकारी बंदोबस्त.

कायद्यानेही फसवणाऱ्या माणसाला एक नाव दिले होते, आणि ते गंमतीने आकड्यात होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४२० फसवणुकीचे. त्यावरून ‘चारसोबीस’ हे विशेषण झाले, १९५५ साली राज कपूरच्या चित्रपटाचे नाव झाले, आणि मराठी घरांत पोरांना रागावतानाही ते वापरले जाऊ लागले. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली. नव्या न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये आहे. कोणी कोणाला ‘तीनशे अठरा’ म्हणत असल्याचे अजून ऐकिवात नाही. शब्द कायद्याहून चिवट असतात.

पाठशाळेत सत्याणुव्रताचा पाठ येतो, तेव्हा सत्यघोषाची कथा सांगितली जाते. श्रीभूती हा सिंहपूरचा राजपुरोहित. तो जानव्याला कातरी बांधून फिरे, आणि चुकून खोटे बोललो, तर याच कातरीने जीभ कापीन, असे सांगे. म्हणून लोक त्याला सत्यघोष म्हणू लागले. एका व्यापाऱ्याने परदेशी जाताना त्याच्याकडे पाच मौल्यवान रत्ने ठेवली. परतताना जहाज बुडाले, जवळ काही उरले नाही. तो रत्ने मागायला आला, तेव्हा सत्यघोषाने त्याला ओळखही दाखविली नाही. धन बुडाल्याने वेडा झालेला माणूस आहे, असे सांगून लोकांकरवी बाहेर काढले. व्यापारी रोज पहाटे राजवाड्याजवळच्या झाडावर चढून आपली तक्रार ओरडून सांगत राहिला. महिनोन्महिने. सगळे त्याला वेडा म्हणत. राणी रामदत्तेच्या मनात मात्र एक साधी गोष्ट आली : वेडा माणूस रोज तेच वाक्य बोलत नाही.

राणीने पुरोहिताला द्यूत खेळायला बोलाविले. खेळता खेळता त्याची अंगठी जिंकली, मग जानवे आणि कातरी जिंकली, आणि त्या खुणा दासीच्या हाती देऊन त्याच्या घरून ती रत्ने मागविली. पतीच्या वस्तू पाहून पत्नीने रत्ने काढून दिली. राजाने ती आपल्या खजिन्यातील पुष्कळ रत्नांत मिसळली आणि व्यापाऱ्याला समोर बसविले. त्याने ढिगातून आपली पाच वेचली आणि बाकीची तशीच राहू दिली.

हा पाठ संपला, की पाठशाळेतले एखादे चुणचुणीत मूल हमखास विचारते : राणीने पण फसवलेच ना? ती जुगार खेळली, दुसऱ्याच्या खुणा पाठवून वस्तू काढून घेतली. सप्तव्यसनांत द्यूत पहिले. आणि अमरकोशाप्रमाणे तर फाशांनी खेळणारा तोच धूर्त. शिकविणाऱ्या ताई बहुधा सांगतात, की राणीला स्वतःसाठी काही नको होते. मूल तेवढ्याने गप्प बसतेच असे नाही, आणि कथाही याचे उत्तर देत नाही. ती पुढे एवढेच सांगते, की सत्यघोष मरून राजाच्या खजिन्यातला सर्प झाला, त्याच्याच दंशाने राजाचा अंत झाला, आणि रामदत्तेने राजवाडा सोडून आर्यिकेची दीक्षा घेतली.